घाट चढून आल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो, पण पाण्याचा काटा मधोमध: काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. डिझेल पिकअप, मागे जनरेटरची ट्रॉली, चिपळूणहून कराडकडे. पोफळीपासून कुंभार्ली घाट सेकंड-थर्डमध्ये रेटत चढला, वर हेळवाकला चहासाठी गाडी थांबली, आणि इंजिन स्लोवर असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस दिली की विझतो. अर्ध्या तासात गाडी निवते, मग दिवसभर काही नाही. गॅरेजमध्ये ऑइल बदललं, प्रेशर स्विच बदलला, बिल भरलं. पुढच्या लग्नाच्या ऑर्डरला पुन्हा तेच.

आमचं काम मंडप आणि जनरेटरचं, त्यामुळे वजन ओढणं रोजचंच. ड्रायव्हर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "दादा, गाडी गरम नाही झाली, काटा बघा ना, मधोमध आहे." काटा खरंच मधोमध असतो. पण तो पाण्याचा काटा आहे, ऑइलचा नाही, आणि पाण्याचंही तो पूर्ण खरं सांगत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पाणी साधारण ८० अंशांपासून १०५ अंशांपर्यंत कुठेही असलं तरी काटा जागचा हलत नाही. तो मुद्दामच तसा बसवलेला असतो, कारण काटा हलला की लोक सर्व्हिस सेंटरला येऊन भांडतात. तो हलायला लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

लाल दिवा तापमानाचा नाही, दाबाचा आहे. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की स्विच दिवा लावतो. ऑइल जितकं तापेल तितकं पातळ होतं, आणि पातळ ऑइल बेअरिंगच्या फटींतून भराभर निसटतं. स्लोवर ऑइल पंपही हळू फिरत असतो, म्हणून दाब तिथे पडतो. नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना ११० सेंटिस्टोकच्या (दाटपणाचं माप) आसपास दाट असतं, १०० अंशांना १४-१५ उरतं, आणि १३० अंशांना त्याच्याही जवळपास निम्मं. म्हणजे बेअरिंगला तुम्ही भरलेलं ऑइल मिळतच नाही, त्याच्यापेक्षा बरंच पातळ काहीतरी मिळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी पळत असताना, रेसवर असताना हा दिवा लागला, तर पुढचं काही वाचू नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. खाली लिहिलंय ते सगळं फक्त गरम इंजिन स्लोवर असताना लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल आहे.

आधी पट्टी

पंधरा-वीस हजारांचं काम सांगणाऱ्या फिटरनेही ऑइलची पट्टी बघितलेली नसते, हे मी वारंवार बघतो. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, मग पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालायची आणि मगच वाचायची.

ऑइल कमी असेल तर उरलेलं ऑइल जास्त वेळा फिरतं, चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) निवायला त्याला सवडच मिळत नाही. हे सगळ्यांना कळतं. जास्त असेल तर मात्र लोक खूश होतात: "आपली गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतं!" ऑइल आपोआप वाढत नसतं. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते. छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर ही सफाई अर्धवट राहते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. गावातल्या गावात मंडपाचं सामान टाकत फिरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गाड्यांत हे हमखास. पट्टीवरचा थेंब नाकाशी धरा. डिझेलचा वास आला, बोटांवर तेलाची चिकटी कमी वाटली, तर घाटात दिवा का लागतो याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. असं ऑइल गाडी थंड असतानाच पातळ असतं, मग १२० अंशांना काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ते बदला, आणि दर काही दिवसांनी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास पळवा म्हणजे डीपीएफची सफाई पूर्ण होईल.

पट्टीवर दुधासारखा फेस दिसला तर तो वेगळा आजार, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटलेला. गाडी तिथेच उभी करा.

ऑइलचं तापमान मोजायचं कसं

पट्टी बरोबर असेल तर पुढचं काम आकड्याशिवाय होत नाही. अंदाजाने बोलायला गॅरेजमध्ये चार माणसं असतातच.

सोपा मार्ग म्हणजे ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची सोय) ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर ॲप. स्टिअरिंगखाली सॉकेट असतो. पाण्याचं तापमान जवळपास प्रत्येक गाडीत मिळतं. ऑइलच्या तापमानासाठी प्रमाणित कोड ५सी आहे, पण तो सगळ्या गाड्या देत नाहीत. काही गाड्यांत तो कंपनीच्या स्वतःच्या कोडखाली दडलेला असतो. काही गाड्यांत तर सेन्सरच नसतो, कॉम्प्युटर पाण्यावरून आणि लोडवरून हिशेब करून आकडा दाखवतो. असा हिशेबी आकडा नेहमीच्या वापरात चालून जातो, पण मागे टनभराची ट्रॉली लावून चढ चढायला घेतला की त्याच्यावर विसंबू नये.

खरा सेन्सर आहे की हिशेब, हे घरीच तपासता येतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करायच्या आधी नुसती किल्ली फिरवून ॲप बघा. पाणी, ऑइल आणि आत येणारी हवा, तिन्ही आकडे एकमेकांच्या दोन-चार अंशांत हवेत. एखादा फटकून असेल तर तो सेन्सर खोटा. मग गाडी चालू करा. पाणी आधी चढतं, ऑइल मागून रेंगाळत येतं. ऑइलचा आकडा पाण्याच्या मागे अगदी ठरावीक अंतराने सावलीसारखा चालत असेल, तर तो मोजलेला नाही, मांडलेला आहे.

ओबीडीवर मिळत नसेल तर वेगळा सेन्सर आणि गेज बसवावा लागतो. सेन्सर दोन जागी बसतो. एक, चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी. दुसरी, ऑइल फिल्टरच्या बुडाशी बसवायच्या चकतीत. चेंबरमधलं ऑइल इंजिनातून परत आलेलं, कूलरमधून अजून न गेलेलं असतं. ऑइल कूलरमधून निघाल्यावर चकतीत येत असेल तर तिथला आकडा दहा-पंधरा अंशांनी कमी येतो. दोन्ही आकडे खरेच असतात. मात्र मित्राच्या गेजशी आपलं ताडून बघताना त्याचा सेन्सर कुठे आहे ते आधी विचारा, नाहीतर वाद मिटायचा नाही.

ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर बसवलात तर तो चेंबरच्या खाली किती लोंबतो ते बघा. आपल्या रस्त्यांवरचे दगड आणि बेकायदा स्पीडब्रेकर त्याला फार दिवस टिकू देत नाहीत.

बसवताना हमखास होणारी एक गडबड सांगतो. एकाच वायरचा सेन्सर इंजिनाच्या धातूतून अर्थिंग घेतो. प्लंबर नळाला गुंडाळतो तसा फिटर त्याच्या आट्यांना पांढरा टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे गुंडाळतो, गळू नये म्हणून. अर्थिंग तुटतं किंवा अर्धवट लागतं. हे सेन्सर तापले की त्यांचा विद्युत रोध कमी होतो, आणि अर्थिंग खराब असलं की रोध वाढल्यासारखा दिसतो. परिणामी गेज ऑइल थंड दाखवतं. १३० अंशांचं ऑइल १०५ दिसतं आणि मालक निवांत. टेप काढा, आटे साफ करा, गळतीसाठी तांब्याचा वायसर वापरा किंवा थोडंसं सीलंट, तेही पहिले दोन आटे सोडून.

गेज बसवायचं नसेल तर हातातली इन्फ्रारेड तापमापक बंदूक काही प्रमाणात कामाला येते. घाट चढून आल्या आल्या चेंबरच्या पत्र्यावर धरा. चकचकीत ॲल्युमिनिअमवर ती बिनदिक्कत खोटं बोलते, वीस-तीस अंशांनी कमीही दाखवते. चेंबरवर काळ्या रंगाचा एक ठिपका मारून ठेवा आणि नेहमी त्याच ठिपक्यावर मोजा. आतलं ऑइल पत्र्यापेक्षा पाच-दहा अंश जास्त गरम असतं, ते धरून चाला.

आकडे वाचायचे कसे

सपाट रस्त्यावर ऑइल ९० ते ११० अंशांत असतं, तसंच असावं. घाटात वजन ओढताना १२० पर्यंत गेलं तर हरकत नाही. १२० ते १३० मध्ये लक्ष ठेवायचं. १३० ओलांडलं की पाय हलका करायचा, आणि १४० कडे सरकायला लागलं की जागा बघून थांबायचं. हे चेंबरमधल्या ऑइलचे आकडे आहेत आणि चांगल्या, ताज्या ऑइलसाठी आहेत. टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेच ऑइल याहून बरंच गरम होतं. चेंबरमध्ये येईपर्यंत ते निवलेलं असतं.

पण नुसत्या ऑइलच्या आकड्यावरून दोष सापडत नाही. ऑइल आणि पाणी यांच्यातला फरक बघा. माझ्या मते या सगळ्या भानगडीत सगळ्यात उपयोगी आकडा हाच आहे, आणि तो कुठलंही गेज दाखवत नाही. तुम्हीच वजाबाकी करायची. पाण्यावर चालणारा ऑइल कूलर असलेल्या डिझेल इंजिनात सपाट रस्त्यावर हा फरक पाच ते पंधरा अंश असतो, चढावर पंधरा ते पंचवीस.

चढावर पाणी आणि ऑइल दोन्ही हातात हात घालून वर गेले आणि फरक तेवढाच राहिला, तर ऑइलला दोष देऊ नका. गाडीची उष्णता बाहेर पडत नाहीये. रेडिएटरकडे जा.

पाणी ९२-९५ वर शांत आहे आणि ऑइल १३०-१३५, म्हणजे फरक पस्तीस-चाळीस, तर दोष ऑइलच्या बाजूला आहे. ऑइल कमी, ऑइल पातळ झालेलं, ऑइल कूलर तुंबलेला, किंवा गाडी चालवायची पद्धत.

दोन्ही चढत असतील तर

समोरची जाळी काढून आत बॅटरी मारा. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा) किंवा एसीचा कंडेन्सर असतो आणि या दोघांच्या मधल्या फटीत सगळा कचरा बसतो: किडे, धूळ, हंगामात उसाचं पाचट. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, आणि हलक्या दाबाने. सर्व्हिस स्टेशनवाला समोरून प्रेशर मारतो तेव्हा रेडिएटरच्या बारीक पात्या वाकतात आणि कचरा आणखी आत जाऊन बसतो.

मग पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं बघा. अपघाताच्या कामात ते तुटलं की बरेचदा परत बसवतच नाहीत, "त्याने काय होतंय" म्हणून. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच तीच गरम हवा घुसळत बसतो. सपाट रस्त्यावर वाऱ्यावर भागतं, घाटात ताशी पंचवीसच्या वेगाला भागत नाही. पट्ट्यावरचा व्हिस्कस पंखा असेल तर गरम गाडी बंद करून हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. भिरभिरला तर कपलिंग गेलं.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. "व्हॉल्व्ह काढून टाकू, गरमच होणार नाही." बऱ्याच इंजिनांत हा व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधून तसंच परत इंजिनात येतं. लोडवर गाडी जास्त तापते, आणि एरवी इतकी थंड चालते की ऑइलमध्ये डिझेल आणि ओल साठत जाते. दोन्हीकडून मार.

बाकी एलईडी बार, जादा दिवे, जाड बंपर गार्ड, मंडळाचा बोर्ड. जाळीसमोर हे जेवढं कमी तेवढं बरं.

फक्त ऑइल चढत असेल तर

वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाडीत ऑइल कूलरच्या पाण्याच्या बाजूला क्षार साचतात. रेडिएटरच्या मानाने कूलरच्या वाटा बारीक, त्यामुळे रेडिएटर अजून काम करत असताना कूलर तुंबलेला असतो. पाणी व्यवस्थित, ऑइल उकळतंय, हे चित्र बहुतेकदा तिथलंच. कूलर काढून बघायला लागतो. साफ करून भागेल की बदलावा लागेल हे उघडल्यावरच कळतं. नंतर भरायचं ते कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच.

ऑइलचा ग्रेड. दिवा लागला की फिटर २०डब्ल्यू-५० घालायला सांगतो. दाट ऑइलने दाब वाढतो, दिवा बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तापमान कमी होत नाही. दाट ऑइल बेअरिंगमध्ये घुसळलं जाताना उलट जास्त उष्णता तयार करतं, आणि डीपीएफ असलेल्या गाडीत जळल्यावर जास्त राख सोडणारं ऑइल घातलं तर फिल्टर भरत जातो, तो खर्च वेगळा. गाडीच्या पुस्तकात जे दोन-तीन ग्रेड चालतात म्हणून दिलेत, त्यातला दाट ग्रेड ओढायच्या कामाला घ्या. पुस्तकाबाहेर जाऊ नका. जिथे ऑइल वारंवार १२० च्या वर जातं तिथे सिंथेटिकचे पैसे वसूल होतात, कारण ते उष्णतेने लवकर जळत-घट्ट होत नाही.

आता चालवणं. ट्रॉली मागे असताना थर्डमध्ये १४०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून घाट रेटणं, यात ड्रायव्हर लोकांना डिझेल वाचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये पूर्ण लोडचा भडका, टर्बो पूर्ण भरलेला, आणि पाण्याचा पंप, ऑइल पंप, पंखा तिन्ही अर्ध्या वेगाने फिरणारे. सेकंड टाका, आरपीएम २००० ते २४०० च्या आसपास ठेवा, पाय थोडा सोडा. वेग जवळपास तोच राहतो आणि दोन-तीन वळणांत आकडा उतरायला लागतो. गाडी मोकळी असताना हाच घाट थर्डमध्ये आरामात होतो, म्हणून सवय सुटत नाही.

याच्या उलट टोकालाही ऑइल तापतं. समृद्धी महामार्गावर मे महिन्यात विदर्भातून सलग १२० ने गाडी पळवा. समोरून वारा भरपूर, पाणी मजेत. पण चढ्या आरपीएमवर तासभर बेअरिंग आणि पिस्टन ऑइल घुसळत, तापवत राहतात, आणि ऑइल हळूहळू घाटातल्या आकड्यांना जाऊन टेकतं. तिथे उपाय गिअर नाही, वेग. १०० वर आलात की उतरतं.

एसीबद्दल नेहमी विचारणा होते. अमेरिकेत गाड्यांची ओढायची क्षमता ठरवायला एसएई जे२८०७ हे मानक आहे आणि त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. अठरा किलोमीटरचा चढ, ३८ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऊन, आणि एसी पूर्ण चालू. तिथे कंपनी क्षमताच तेवढी जाहीर करते जेवढी गाडी एसी लावून ओढेल. आपण इथे मागे किती वजन लावलंय याचाच पत्ता नसतो. आकडा चढतोय दिसलं की एसी बंद करा. कंडेन्सरची उष्णता थेट रेडिएटरच्या तोंडावर येते. फारच चढलं तर हीटर पूर्ण चालू करून काचा खाली. हाल होतात, पण तो चालता-फिरता दुसरा रेडिएटरच आहे.

ट्रॉलीही बघा

हे सगळं करूनही आकडा चढत असेल तर घाटाच्या पायथ्याशी थांबून ट्रॉलीच्या चाकांच्या हबजवळ हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा कढत असेल तर तिथला ब्रेक शू चिकटतोय किंवा बेअरिंग कोरडं आहे. गाडी दिवसभर ब्रेक ओढत चालतेय आणि आपण ऑइलला शिव्या देतोय. ट्रॉलीच्या टायरमधली हवा महिनोन्महिने कोणी बघत नाही, तीही बघा.

वर पोचल्यावर

ऑइल पाण्यापेक्षा उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. सगळ्यात मोठा आकडा बहुतेकदा घाटमाथ्यावर किंवा त्याच्याही थोडं पुढे दिसतो. म्हणून माथ्यावरच्या पहिल्याच टपरीला गाडी लावून किल्ली काढणं सगळ्यात वाईट. टर्बोमध्ये ऑइल थांबतं आणि तिथेच करपतं. पुढे चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चला, तेवढ्यात वाऱ्याने वीसेक अंश उतरतात. तसं शक्य नसेल तर दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू ठेवून मग बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही.

एवढं करूनही गरम इंजिन स्लोवर असताना दिवा लागतच असेल आणि ऑइल मात्र ११० च्या आतच असेल, तर मग तापमानाचा प्रश्न उरला नाही. स्विचच्या जागी यांत्रिक प्रेशर गेज लावून खरा दाब मोजून घ्या. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय (साधारण ०.७ बार) दाब हा जुना ठोकताळा अजून कामाचा आहे. त्याच्या बराच खाली आला तर बेअरिंग झिजलेत किंवा पंप गेलाय. दाब व्यवस्थित निघाला तर स्विच किंवा त्याची वायर.

जादा ऑइल कूलर बसवायचा विचार सगळ्यात शेवटी करा, आणि बसवलाच तर थर्मोस्टॅट असलेल्या चकतीवरच. नुसता कूलर लावला की थंडीत ऑइल ७० च्या वर जात नाही आणि त्यातली ओल उडत नाही. पाइप स्वस्तातले घेऊ नका. घाटात फुटला तर चेंबर रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही.

ऑइल बदलायच्या किलोमीटरचा हिशेबही बदला. ऑइल साधारण दर दहा अंशांना दुप्पट वेगाने खराब होतं असा ढोबळ नियम आहे. गाडीच्या पुस्तकात कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असतं आणि ट्रॉली ओढणं त्यात येतं. ते पान बहुतेक गाड्यांत कधी उघडलेलंच नसतं. आमच्या गाड्यांना मी नेहमीच्या निम्म्या अंतरावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो, आणि हंगामात दर आठवड्याला पट्टी बघायचं काम ड्रायव्हरवर न सोडता स्वतः करतो.